गोळीला पत्ता नसतो

शेवटची ट्रॉलीबस डेपोत लावून
व्हीतेनिस काउंटरपाशी आला. उभाच राहिला.
खुर्ची दाखवली तर म्हणाला, नको,
दिवसभर बसलेलाच असतो.

आधी म्हणाला, कंबर.
मग टोपी हातात फिरवत, कंबरेच्या खाली.
मग माझ्या मागच्या खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत,
अजून खाली. आत.
माणूस बसतो ना ज्याच्यावर, तिथं.

बावीस वर्षं मी विल्नियसमध्ये रात्रपाळीला औषधं देते.
या जागेबद्दल बोलताना
एकाही पुरुषाचा आवाज सरळ राहिलेला ऐकला नाही.

चिठ्ठी होती. नेप्रोक्सेन, दोनदा, खाल्ल्यावर.
पाकीट उलटसुलट करून त्यानं विचारलं,
हिला कळतं कसं, कुठं जायचं?

नाही कळत.
गोळीला पत्ता नसतो, व्हीतेनिस.
ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते,
यकृताच्या नाक्यावर झडती देते,
आणि रक्तातल्या प्रथिनांच्या पाठंगुळीला बसून
गावभर उंडारते.
तुझ्या कानाच्या पाळीत, अंगठ्याच्या नखाखाली,
कधीच न दुखलेल्या गुडघ्यात.
शंभरातले नव्व्याण्णव कण उतरतच नाहीत कुठं,
पास काढलेल्या म्हाताऱ्यांसारखे फिरत राहतात.

(इथं तो हसला. त्याच्या गाडीत असतात तसे.)

फक्त सूज असते तिथं
केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडलेल्या असतात.
फटींतून प्रथिनं झिरपतात, त्यांच्याबरोबर हीही.
म्हणजे दार दुखण्यानंच उघडं ठेवलेलं.
आत गेल्यावर दुरुस्ती वगैरे काही करत नाही ती.
ठणक्याची एक भट्टी पेटलेली असते,
तिच्या तोंडाला बूच लावते.
स्नायू मात्र आवळलेला तो आवळलेलाच.
आणि आवळलेल्या मुठीत
रक्तसुद्धा कमी शिरतं.

कधीपासून आवळलाय, मी विचारलं.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, जणू तिथं लिहिलंय.
जानेवारीत. उणे एकोणीस.
अंताकाल्निसच्या उतारावर गाडी बर्फावरून घसरली,
वरचे दोन्ही दांडे तारेवरून निसटले, दिवे गेले,
मी ब्रेकवर उभा.
थांबली तेव्हा पुढे एक बाबागाडी होती.
वीतभर.
बाई ओरडलीही नाही. गाडी ढकलत निघून गेली.
मी खाली उतरलो, दोर ओढून दांडे तारेला लावले,
वेळापत्रकाला सहा मिनिटं उशीर. बस्स.

पाय काढलास ब्रेकवरून?
काढला की.
मग थोडं थांबून, पायानं काढला.

ते गोळीत नाही, मी म्हटलं.
त्याच्यासाठी फिजिओथेरपीच्या रासाकडे जा, सोमवारी असते,
लाजू नकोस, ती फक्त श्वास सोडायला शिकवते
आणि आपण तो किती वर्षं सोडलेला नाही ते सांगते.

डब्यातली माझी राईची भाकरी अर्धी त्याला दिली,
उपाशीपोटी घेऊ नये म्हणून.
उभ्यानंच चावली. गोळी गिळली.
किती वेळ लागेल?

तासभर. कधी दोन.

बाहेर नेरिसवरून धुकं येत होतं,
तारा रिकाम्या.
खुर्चीच्या कडेवर तो जरासा टेकला,
एका बाजूनं.