वाटा

शेवटचं पान सरांनी वेगळं दिलं:
गटातल्या प्रत्येकाचा वाटा लिहा, टक्क्यांत.
बेरीज शंभर यावी.
एकमेकांना दाखवू नये.

आम्ही चौघं. अर्थशास्त्र, तिसरं सेमिस्टर.
विषय: वडगाव-खासबागचे यंत्रमाग, गेली दहा वर्षं.
गट आम्ही पाडला नव्हता, हजेरीपटानं पाडला,
रोल नंबर सतरा ते वीस.

अन्नपूर्णा मठपती, हुक्केरीची.
पहिल्याच दिवशी तिनं वहीत रकाने आखले
आणि रकान्यांच्या डोक्यावर तारखा बसवल्या.
भरतेश उपाध्ये निपाणीचा, आकडे त्याचे;
कुणी माऊसला हात लावला की म्हणायचा, फाईल बिघडेल.
मी नंदगडची. लिहिणं माझ्याकडे,
म्हणजे सगळ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहिणं.
आणि मुनाफ मकानदार,
फोन केला की, "येऊलालोय की. चहा पिऊलालोय."

महिन्याभरात आमचा तिघांचा वेगळा ग्रुप झाला,
मुनाफ सोडून. नाव ठेवलं 'फायनल'.
(पुढे कळलं, मला सोडूनही एक होता.)

प्रश्नावली तिनं कानडीत केली, मी मराठीत.
माग तिकडे मग्ग झाला, नुकसान लुकसानु,
इथवर सगळं शेजारधर्मानं चाललं.
अडलो समाधानापाशी.
'कामाबद्दल समाधानी आहात का?'
तिच्याकडे समाधान म्हणजे शांत हो, धीर धर.
त्यावरून मी आवाज चढवला
तर ती म्हणाली, "समाधान माडको."
मला ऐकू आलं: आहे त्यात समाधान मान.
दोन दिवस बोलले नाही मी तिच्याशी,
एका शब्दावरून, जो दोघींचा होता.

मग वडगाव.
अकरा दारं. अकराही दारांत तेच, "नंतर या,"
आतून मागांचा खडखडाट, बाहेर आम्ही
गळ्यात ओळखपत्रं, हातात कोरे फॉर्म.
बाराव्या शेडात मुनाफ उकिडवा बसला होता,
हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे.
त्याचे वडील इथले जॉबर, हे त्यानं सांगितलं नव्हतं,
आम्हीही विचारलं नव्हतं.
"यांना बसायला द्या की," तो आत ओरडला.
कुणीतरी माग बंद केला.
त्या शांततेत
सूत, वीजबिल, मुलीचं लग्न, सगळं आपोआप निघालं,
कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत, मधेच दखनीत.
चार दिवसांत त्रेचाळीस फॉर्म भरले
आणि चहा किती झाले मोजले नाहीत,
चहाला रकाना नव्हता.

हे सगळं मी पाहिलं होतं.
तरी शेवटच्या पानावर मुनाफपुढे आठ लिहिलं.
रिपोर्टाची एकशे बारा पानं,
त्यातलं एकही त्याच्या हातचं नाही,
असा माझा हिशेब.

आठवड्यानं सर वर्गात आले, नावं न घेता
चार आकडे फळ्यावर लिहिले,
आमच्याच गटातल्या ज्यानं त्यानं स्वतःला दिलेले:
पंचेचाळीस, चाळीस, पन्नास, दहा.
"करा बेरीज."
एकशे पंचेचाळीस. वर्ग हसला. आम्हीही हसलो,
भरतेश जरा उशिरा.
सर काही बोलले नाहीत, डस्टर सापडेना
म्हणून तळहातानंच फळा पुसला.
दहा कुणाचे हे सगळ्यांना कळलं.
पन्नास कुणाचे, हे फक्त मला.

माझ्या आठावर त्यानं स्वतःला दोनच जास्त दिले होते.
भांडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी भुतरामहट्टीच्या फाट्यावर, हायवेच्या धुळीत,
चौघं बसची वाट बघत टपरीवर.
हुक्केरीची गाडी आधी येणार होती,
म्हणून अन्नपूर्णानं घाईनं वही काढली:
चार चहा, एक पार्ले, भागिले चार.
भरतेश म्हणाला, बिस्किट मी खाल्लं नाही.
टपरीवाल्यानं हात हलवला. पैसे आले होते.

कधी दिले, कुणाला कळलं नाही.
मुनाफ रस्त्यापलीकडे उभा राहून
कुणाला तरी फोनवर सांगत होता,
"येऊलालोय की."