तीस सेकंद

रोनकुदोच्या टोकाला तिपाई रोवली :
एक पाय फटीत, एक शेवाळावर,
तिसऱ्याखाली दुमडलेला हातमोजा.
खडक काळा,
रात्रभर कुणी घासत बसल्यासारखा.

खाली ओब्दुलिया. कमरेला दोर,
दोराचं वरचं टोक सेवेरीनोच्या मुठीत.
ती लाटा मोजते, बोटांवर नाही,
पाठीच्या कण्यात.
लोक म्हणतात, सातवी मोठी.
"सातवीला कुठे ठाऊक असतं ती सातवी आहे ते,"
म्हणते आणि उतरते.

मीही मोजत होतो. भिंगावर काळी काच,
झडप उघडी.
तेवढ्या वेळात तिनं
बोटांसारख्या शिंपल्यांचे दोन घोस खरवडले,
खडकाला मिठी मारली,
डोक्यावरून अख्खं पाणी जाऊ दिलं,
वर आली, थुंकली,
समुद्राच्या आईचा उद्धार केला.

दुपारी बारमध्ये फोटो दाखवला.
समुद्राचं धुकं झालेलं. एक लाट नाही.
दोर तेवढा उमटलाय,
कड्यावरून खाली जाऊन
कुठेच न पोचणारा.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"मी कुठाय?"
हललीस ना. हलणारं यात उरत नाही.
"आणि हे पांढरं?"
क्रूस. मागच्या वर्षीचा, तुझ्या भाच्याचा.
"तो बरा आलाय."

मिठानं फाटलेलं बोट
दोराच्या टोकावर जरा वेळ राहिलं.
"मग मी हललेलीच बरी," म्हणाली,
आणि पावासाठी ओरडली.

सेवेरीनो गप्प.
कॉफीच्या कपाभोवतीही त्याची मूठ
तशीच,
दोर धरल्यासारखी.