जिरावन

सराफ्यात रात्री साडेअकराला
मुकुंदा गराडूवर लिंबू पिळतो,
जिरावन भुरभुरतो
आणि दोना माझ्यासमोरून
पलीकडे सरकवतो.

पूर्वी निदान विचारायचा.

माझ्या पिशवीत डबा:
चाळीस ग्रॅम मोडाचे मूग, काकडी, मीठ नाही.
रक्ताचे आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत.

रामबागेत मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाला
पंगतीत उघडला होता मी हाच डबा.
श्रीखंड वाढता वाढता वैजू थबकली,
मग रिकाम्या पाटाला ओलांडावं
तशी पुढे गेली.
मावशी काही बोलली नाही. पाणी प्यायली.

आता बोलावणी कमीच.
आलं एखादं, तर शेवटी हळूच:
"तुझं तू आणशील ना?"

आणतो की.

घरी येऊन सवयीनं हात धुतो.
बोटांना
कशाचाच वास नसतो.