अंगावर काढलेलं

मी पंप चालवते.
हृदय थांबवलं की तास-दीड तास
माणूस माझ्या नळ्यांमधून जगतो.
सर्जनला झडप दिसते,
मला दिसतो रक्ताचा रंग.

ओउलूत औलिस आला होता,
वय चौऱ्याहत्तर, बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला.
त्याला आम्ही आधी घरी पाठवलं.
सिगारेट सोड, ती किडकी दाढ काढून ये,
लोहाच्या गोळ्या घे, साखर उतरव,
रोज दोन मजले चढ, सहा आठवड्यांनी ये.
तो चिडला.
हिल्क्का हसत म्हणाली,
लग्नाआधीसुद्धा याने एवढी तयारी केली नव्हती.
सातव्या दिवशी घरी निघाला
तेव्हा गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला
फावडं शोधत होता.
तिने पार्किंगभर ऐकू जाईल असं ओरडून थांबवला.

ऑक्टोबरात आम्ही मापुतोला जातो.
तीच रित्वा, तिचेच हात,
तेच निळे धागे, बारा खोक्यांत भरलेले.
पंप तेवढा जुना, पण ऐकतो माझं.

झेफेरिना. एकोणीस.
वजन अडतीस किलो,
आणि त्यात पायांत साचलेलं पाणीही आलं.
नाम्पुलाहून ती बसने आली, दोन रात्री.
सगळी बस अवघडून जागी होती,
ही मात्र शांत झोपली:
तीन वर्षं ती बसूनच झोपते,
आडवं झालं की श्वास कोंडतो.

सातव्या वर्षी घसा दुखला होता.
चार दिवस ताप.
दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या, म्हणाले सोमवारी या.
सोमवारपर्यंत ताप उतरला.
मग गुडघे सुजले, तेही उतरले.
बरं वाटलं, विसरून गेले सगळे.
फक्त हृदय विसरलं नाही.
पुढे हंडा घेऊन चढावर थांबायला लागली
तेव्हा बायका म्हणाल्या, अंगचोर आहे पोरगी.

अंगचोर!
जिने बारा वर्षं सगळं अंगावर काढलं, ती.

फॉर्ममध्ये वय असतं, वजन असतं,
मूत्रपिंड किती गाळतं, हृदय किती ढकलतं.
शेवटी एक आकडा येतो, टक्क्यांत.
किती सोमवार वाट पाहिली,
याला रकाना नाही.

रक्त द्यायला चर्चमधले चौघे आले.
दोघांना परत पाठवलं,
त्यांचंच कमी भरलं.

पंप सुरू केला
आणि नळीतून आलं ते रक्त म्हणवेना,
खूप पाणी घातलेलं सरबत जणू.
मी पिशवी लावली. मग दुसरी.
रित्वाने झडप काढून ट्रेमध्ये ठेवली,
ती टकन वाजली, चुन्याच्या खड्यासारखी.
शिवण सुरेख होती. माझ्या पाहण्यातली सर्वांत सुरेख.
हृदय तिसऱ्या झटक्याला उठलं.

फुप्फुसं उठेनात. मूत्रपिंडंही रुसली.
नवव्या दिवशी आमचं विमान होतं.

पुढे वसंतात, एका मोठ्या सभागृहात, पडद्यावर
देशांचे ठिपके होते,
काही खाली हिरवे, काही वर लाल.
कुणी म्हणालं, तिथल्या हातांना प्रशिक्षण हवं.
रित्वाने आपले हात पाहिले,
मग मांडीवर ठेवले, पालथे.
मी बोलायला उठले होते.
माईक येईपर्यंत पुढचा विषय लागला.

झेफेरिना सव्विसाव्या दिवशी
ग्लास स्वतः धरून पाणी प्याली,
असं सिस्टर फेलिझार्दाने कळवलं.
पुढचं मला माहीत नाही.

माहीत आहे ते एवढंच:
वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर तिची आई बसायची,
सोबत धाकटा, सहा वर्षांचा.
रोज सकाळी ऊन खिडकीत आलं
की ती त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची.
तो कंटाळायचा, तोंड मिटून घ्यायचा.
ती हलायची नाही.
आ कर, म्हणायची.
अजून. अजून मोठा.