सातवा दुवा

इलोइलोत रात्रीचा एक.
मारिव्हिक मॉन्तेक्लारो या वेळी एमिली कार्टर असते.
एमिली टोरांटोची. एमिलीला कुत्री आवडतात.
एमिलीला तुमचं पान अगदी योगायोगानं सापडलं.
असे योगायोग रात्रीला साठ.
महिन्याला चाळीस दुवे जमले तर पगार पुरा,
नाहीतर नेस्टर काही बोलत नाही,
नुसतं पेनाचं टोपण टेबलावर वाजवतो.

आईला एकदा सांगून पाहिलं होतं,
आई सुकी मासळी उलटत होती.
म्हणजे बघ, कानाची यंत्रं विकणारा एक दुकानदार,
त्याचं दुकान यादीत पार तळाला.
वर यायचं तर चार भल्या माणसांनी
त्याच्याकडे बोट दाखवायला हवं.
– मग यंत्रं चांगली करावीत की त्यानं.
– ते महाग पडतं, आई. बोटं स्वस्त.
– म्हणजे वशिला.
– वशिलाच. फक्त ज्याचा लावायचा
त्याला ते कळू द्यायचं नाही.

तिचा हात बसलाय मेलेल्या दुव्यांवर.
जुनी पानं उपसायची,
निळं अक्षर दाबलं आणि पुढे काहीच नाही
असं कुठे दिसलं, की अदबीनं लिहायचं:
तुमच्या जिन्याची एक पायरी निखळली आहे,
आमच्याकडे नेमका त्या मापाचा दगड आहे.
लोक ओशाळतात, आभार मानतात,
दगड बसवून घेतात.

एस्टोनियाच्या कुठल्याशा बेटावरचा एंदेल.
त्याचं पान राखाडी, घंटांबद्दल:
कुठली कधी ओतली, कुठली युद्धात वितळवली.
घंटा आणि कान, म्हणजे जवळचंच नातं.
सातवा दुवा मेलेला.
एमिलीनं लिहिलं. उत्तर त्याच रात्री.

*सातवा मेलाय हे मला ठाऊक आहे.
ते पान लाईनेचं, माझ्या बहिणीचं.
सायकलला टेपरेकॉर्डर बांधून ती बेटभर हिंडली,
एकवीस घंटा टिपल्या, त्यातली एक धुक्यात;
तिच्यात मागे एक गाय पण ऐकू येते, यायची.
जागेचं भाडं मी भरलंही असतं,
पण परवलीचा शब्द तिच्याबरोबर गेला.
आता दाबलं की पांढरं येतं.
मी रविवारी दाबतो.
तिथे यंत्रं नकोत. राग नाही.
तुमच्याकडे घंटा कशी वाजते?*

नकारासाठी चौथा मसुदा असतो:
काही हरकत नाही! दुसऱ्या एखाद्या पानावर बघाल का?
तिनं चौथा उघडला,
उद्गारचिन्हाकडे जरा वेळ बघितलं,
मिटला.

मग लिहिलं, कुत्री वगळून,
टोरांटो वगळून:
आमच्या हारोत मनोरा एकीकडे
आणि चर्च रस्त्याच्या पलीकडे.
मधून जीपनी, रिक्षा, पावाच्या सायकली.
भूकंपात मनोऱ्याचा माथा गेला होता.
दोघांना जोडणारी एक भिंतसुद्धा नाही,
तरी घंटा झाली की बायका डोक्यावर ओढणी घेतात
आणि बरोबर रस्ता ओलांडतात.
आवाज थोडा फुटका आहे.
शिफ्ट सुटते तेव्हा मी तिथूनच जाते.
खाली स्वतःचं नाव घातलं. हात जरा अडखळला,
एवढं लांब नाव टंकायची सवय राहिली नव्हती.

तक्त्यात ओळ दोनशे चौदा.
रकान्यात तीनच पर्याय: मिळाला, मौन, नकार.
तिनं नकार निवडला.

पुढच्या महिन्यात राखाडी पानाच्या तळाशी
एक ओळ वाढलेली:
हारोच्या घंटेची हकीकत, मारिव्हिक, इलोइलो.
काळ्या अक्षरात. दाबली तर काही होत नाही.
शोधयंत्राच्या खाती असलं काही जमा होत नाही.
वर सातवा होता तसाच, निळा.

त्या महिन्याचे भरले एकोणचाळीस.
नेस्टरनं टोपण घेतलं.
ती मोजत राहिली:
सहा,
सात.