धाकलूचा डबा

कणकुंबीला माउलीच्या देवळापुढे बूट काढले, परत घातले,
आणि चौघं निघालो. दिवाळी होऊन आठवडा झालेला,
सॅकच्या तळाशी चकलीचा चुरा.
रुद्राप्पानं कुंडाजवळ बाटली भरून घेतली,
म्हणाला, मलप्रभा हाय, पुढं काय मिळतंय कुणाला म्हाईत.
भरमा पुण्याहून घडीच्या दोन काठ्या घेऊन आलेला.
फिलोमिनानं पहिल्याच चढाला झुडपातली एक मोडून घेतली
आणि पाचही दिवस तीच वापरली.

वाट कागदावर होती. रुद्राप्पाच्या मामानं
वनखात्यातून निवृत्त झाल्यावर हातानं काढलेली :
नाल्यांची नावं कन्नडात, देवळांची मराठीत,
आणि जिथं त्याला काहीच आठवलं नाही
तिथं नुसतं एक झाड.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका सपाट दगडावर
भरमा म्हणाला, हितनं डावीकडचं पाणी पूर्वेला जातंय,
उजवीकडचं पश्चिमेला.
मग दगडाआड जाऊन त्यानं
दोन्ही समुद्रांना आपापला वाटा पोचवला.
हसून हसून फिलूला उचकी लागली.

तिसऱ्या दिवशी त्या झाडापाशी चुकलो.
झाडं होती, हवी तेवढी होती.
मी नि भरमा जरा नको ते बोललो, वीस वर्षांपूर्वीचं,
ज्याचा त्या जंगलाशी काही संबंध नव्हता.
मग नुसतेच चालत राहिलो, वाळक्या पानांचा आवाज करत,
आणि दिवे लागायच्या वेळी
झाडीतून एकदम पिकलेलं भात बाहेर आलं, पिवळं,
मध्ये माळा, माळ्यावर म्हातारा.

धाकलू गावडा. नाव त्यानंच सांगितलं,
कुठून आलात ते विचारलं नाही.
भाकरी दिली, सुक्या मिरचीचा ठेचा दिला,
आणि गोडेतेलाचा एक चेपलेला डबा आमच्यापुढं सरकवला.
गवे येत्यात. वाजवत ऱ्हावा. मी जरा पडतो.

फिलू खानापूरच्या शाळेत गणित शिकवते.
दहा ते चार, प्रत्येकी दीड तास, तिनं वाटून टाकलं.
माझी पाळी अडीचला.
थंडी अशी, की डब्यावर हात टेकवत नव्हता.
मी वाजवला. तारे भाताच्या कणसांएवढे खाली आलेले.
मी वाजवला, थांबलो, वाजवला,
आणि मग फटफटीत उजाडलं होतं.

बांधाकडचं चार हात भात गेलेलं.
खुरांत पाणी साठलेलं, त्यात आभाळ.
धाकलू तिथं उभा राहिला, ओंबी चोळली, फुंकली,
दाणे तोंडात टाकले.
खाल्लं तेवढं त्येचं, म्हणाला. चला, च्या घ्या.
पैसे देऊ केले तर चिडला.
मी बुटाच्या नाडीकडे बघत राहिलो.

पुढचे दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही.
कुणीच फारसं बोललं नाही. मला वाटलं, पाय दुखतायत.

जांबोटीला एसटीत मागचं बाकडं मिळालं.
खड्ड्यात आदळल्याबरोबर रुद्राप्पा एकदम म्हणाला,
त्या रात्री मी झोपलो रे. साडेअकराला बसलो आणि गेलो.
भरमानं खिडकीबाहेर बघत सांगितलं,
मला तर कुणी उठवलंच नाही.
फिलू लाल झाली. दहा वाजून दहा, ती म्हणाली,
घड्याळात बघितलेलं एवढंच आठवतंय.
मग मीही.

कंडक्टरनं वळून बघितलं, एवढे हसलो.
हसू ओसरल्यावर फिलूच म्हणाली,
पण डबा तर वाजत होता.
मी झोपेत ऐकत होते की, रात्रभर.

ऐकला होता. चौघांनीही.
थोडा वाजायचा, थांबायचा, खोकल्याचा आवाज यायचा,
परत वाजायचा.

बेळगाव येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.
भरमानं काठ्यांची घडी घातली,
एक माझ्या मांडीवर ठेवली. राहू दे तुला, म्हणाला.
मी ठेवून घेतली.