टी-पॉइंटवरच्या बल्ल्या

डिसेंबर लागला की या शहरात
दोन इमारतींचं काम निघतं.

एक दगडाची, सिव्हिल लाइन्समधली.
तिला नुसता रंग, धुतलेले पडदे,
आणि वर्षभर बंद खोल्यांमधल्या पाली हुसकणं.
दुसरी बांबूची.
ती दर हिवाळ्यात पायापासून उभी राहते
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर,
आणि तिला दार नसतं.

ती माझे बाबा बांधायचे.
लटारू मिस्त्री, ठेकेदाराच्या वहीत ‘मजूर, एक’.
उंची किती, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.
बाबा छातीशी हात आडवा धरायचे:
“इथवर. माणूस पलीकडं जाऊ नये,
पण त्याचं तोंड दिसलं पाह्यजे, बाप्पा.
तोंड झाकलं त मोर्चा कायचा,
कोंडवाडा होते तो.”

वरच्या बांबूच्या गाठी ते रात्री बसून तासायचे.
कोणी सांगितलं नव्हतं.
अंगणवाडीच्या बाया, कोतवाल,
बारा वर्षं बिनपगारी शिकवणारे मास्तर,
सगळे तिथंच हात टेकून उभे राहतात ना.
आठवडाभरात तो बांबू असा गुळगुळीत होई
की आतल्या बाकांना तेवढं पॉलिश
दोन टेंडरं काढूनही चढलं नसतं.

आत ते एकदाच गेले.
प्रेक्षक गॅलरीतलं बाक करकरत होतं.
एक पाचर, दोन खिळे.
मग कोणी नाही पाहून
त्याच बाकावर घटकाभर बसले.
घरी आईनं विचारलं, कसं हाय?
“थंडं हाय. भिती लय जाड.
आतलं बाहेर नाही जात.”
पाणी प्यायले. “बाहेरचं त नाहीच.”
आणि झोपताना, अंधारात:
“वरून पाह्यलं त लोकायचे नुसते डोस्केच दिसत असन.
तोंड एकाचंही नाही.”

आता मी बांधकाम खात्यात नकाशे काढते.
दुरुस्तीसाठी त्या परिसराचा जुना आराखडा
माझ्या टेबलावर आला तेव्हा
सभागृह होतं, लॉबी होती,
मंत्र्यांच्या गाड्यांची जागा, कारंजं,
मुताऱ्यासुद्धा, बाण काढून.
टी-पॉइंट म्हणजे कागदाच्या कडेला
दोन रेघांचं नुसतं भेटणं.

मी तिथं बारीक टोकाच्या पेन्सिलीनं
ठिपके दिले. आडवे, एका ओळीत,
बाबांच्या वितीनं जेवढं अंतर पडायचं तेवढं.

अतकरे साहेबांनी चष्मा वर केला.
“हे काय?”
“झाडं आहेत, सर.”
“रस्त्यावर आडवी?”
“हिवाळ्यातच असतात.”
ते बराच वेळ कागद पाहत राहिले.
त्यांच्या आईचा, म्हणे, एका वर्षी
तिथं उभ्यानं डबा सांडला होता.
मग पेन्सिल माझ्याकडे सरकवत म्हणाले,
“झाडं दाखवली तर
सावलीही दाखवावी लागते.”